पिवळसर आणि पिवळट

नवरात्र सरले की शिरूर-दौंडच्या रंगाच्या दुकानांत गर्दी होऊ लागते. साडी घेणाऱ्या बाईला निदान पदर खांद्यावर टाकून आरशात पाहता येते. घरासाठी रंग घेणाऱ्याच्या हाती पडते ते रंगांच्या तुकड्यांचे एक लांबट पुस्तक. तुकडा काडेपेटीएवढा, आणि त्यावरून ठरवायची ती सबंध भिंत! घरधनी घड्याळाकडे पाहत असतात, मुले दुकानातल्या पडद्यावर कुणाच्या तरी बंगल्याला जांभळा रंग फासून खिदळत असतात, आणि गृहिणी त्या पुस्तकाच्या शेवटल्या पानांशी थबकलेली असते. ही पाने फिक्या, संकोची रंगांची. पांढरे, पांढुरके, सायीचे, राखेचे, मातीचे. दुकानदार त्यांना ‘न्यूट्रल’ म्हणतो. “घ्या ताई, न्यूट्रल आहे, कशावरही जातो,” असा त्याचा निर्वाळा असतो. न्यूट्रल म्हणजे तटस्थ. पण राजकारणातल्या तटस्थांप्रमाणे हे तटस्थ रंगही कुठे ना कुठे कललेले असतात, आणि तो कल दुकानात दिसत नाही. घरी, भिंतीवर दोन हात मारून झाल्यावर दिसतो.

आपल्या भाषेला हा कल फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भडक रंगांसाठी मराठीजवळ जोडशब्दांचा नगाराच आहे : लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. पण जिथे रंग आपले नाव पुरते सांगत नाही तिथे ती नगारा खाली ठेवते आणि शब्दाच्या शेपटाला हळूच एखादे अक्षर जोडते. काळसर, निळसर, तांबूस, पांढुरका, राखट, मातकट, धुरकट. यातही एक खुबी आहे. दुधावरची साय पिवळसर असते आणि न घासलेले दात पिवळट असतात. पिवळेपणा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. पण ‘सर’ लागला की मन प्रसन्न होते आणि ‘ट’ लागला की नाक मुरडते. नेहमीच नव्हे, पण बहुधा. व्याकरणाच्या पुस्तकात हे सारे प्रत्यय एका ओळीत बसतात. घरातल्या बायका त्यांना एका ओळीत बसवत नाहीत. फिका रंग निवडण्याची सारी विद्या एवढ्या एका प्रश्नात आहे : दुकानात पिवळसर म्हणून घेतलेला रंग भिंतीवर जाऊन पिवळट का होतो?

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घ्या. जमीन १२० चौरस फूट, छत तेवढेच, आणि चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. दारे-खिडक्या वजा केल्या तरी डोळ्यांपुढे जे असते त्यातला निम्म्याहून अधिक भाग भिंतीचाच. शिवाय ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्या माणसांचाही विचार करावा. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असलेली, रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडातच राहिलेली, उसाच्या पैशातून गावात चार खोल्या बांधणारी अशी कितीतरी कुटुंबे या दोन गावांत आयुष्यातले पहिले आणि बहुधा शेवटचे घर उभारीत आहेत.

त्यांतल्याच एका कुटुंबाची हकीकत सांगण्याजोगी आहे. हे दौंडचे गृहस्थ रेल्वेत पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. सारा जन्म क्वार्टरमध्ये गेला. क्वार्टरच्या भिंतीला कोणता रंग लागणार हे त्यांना कधी कुणी विचारले नव्हते. त्यामुळे घर बांधल्यावर, “रंग मात्र मी निवडणार,” असे त्यांनी पहिल्या दिवशीच बजावले. त्यांनी निवडला फिका सायीचा रंग. निवड वाईट नव्हती. पण दिवाणखान्याच्या दोन मोठ्या खिडक्या पश्चिमेला, दारे सागवानी पॉलिशची, आणि खाली तांबूस टाइल. सकाळी खोली साजरी दिसे. दुपारचे चार वाजले की पश्चिमेचे पिवळे ऊन तांबूस जमिनीवर पडे, तिथून उसळून भिंतीवर जाई, आणि ती साय जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसू लागे. मुलगा बोलून गेला, वडील दुखावले, दोन दिवस दोघांचे बोलणे बंद. सुनेने वाद घातला नाही. तिने एका पुठ्ठ्याला त्याच फिकेपणाचा, पण राखेकडे झुकलेला रंग दिला आणि तो भिंतीला टेकवून ठेवला. “अण्णा, आज काही सांगू नका. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा, मग उद्या सांगा.” दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच पेंटरला फोन केला. राखेतला थंडपणा आणि उन्हातला पिवळेपणा एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते ती साय. दिवाणखाना पुन्हा रंगवण्याचा खर्च मात्र अंगावर पडलाच.

तेव्हा पहिले बघायचे ते खिडकीकडे, रंगाच्या पुस्तकाकडे नव्हे. विलायती गृहसजावटीच्या पुस्तकांत एक नियम ठोकून दिलेला असतो : उत्तरेच्या खोलीत ऊन कधी येत नाही, तिथला उजेड थंड, म्हणून तिथे उबदार रंग द्यावा. लंडनला हे ठीक आहे. शिरूर आणि दौंड ही गावे साडेअठरा-पावणेएकोणीस अक्षांशांच्या आसपास आहेत. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत तो उगवतो-मावळतो तोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे आपल्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत येते. उलट दिवाळीनंतर दक्षिणेचे खालून येणारे ऊन खोलीत लांबवर पसरते. त्यामुळे आपल्याकडे खरी अवघड खोली उत्तरेची नव्हे, पश्चिमेची. तिथे पिवळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकलेला फिका रंग सहसा टाळावा. राखेकडे, फार तर किंचित हिरव्याकडे झुकलेला बरा. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या खोलीत मात्र साय, बदाम, गहू हे सारे रंग खुलतात. खिडकीबाहेर काय आहे तेही पाहावे. भीमाकाठी ज्यांच्या खिडकीला लागून ऊस आहे त्यांच्या भिंतीवर पावसाळाभर हिरवी झाक असते, आणि शेजाऱ्याने आपल्या कंपौंडाला पोपटी रंग दिला असेल तर तीही झाक आपलीच!

दुसरी गोष्ट धुळीची. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. काळ्या जमिनीची धूळ काळसर, मुरमाची तांबूस, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागे दोन्ही मिळून उठतात. अशा गावात पांढऱ्याशुभ्र भिंतीचे आयुष्य किती, हे हायवेलगत राहणाऱ्या कुणालाही विचारावे. पहिल्या उन्हाळ्यातच ती मळकट होते. जी भिंत आधीच किंचित मातकट आहे तिच्यावर आलेली धूळ मात्र पाहुण्यासारखी न वाटता घरच्यासारखी वाटते. आमच्या भागात रब्बीला शाळू पिकतो. त्याच्या पिठाचा रंग नीट पाहिला आहे का? पांढरा म्हणावा तर नाही, पिवळा म्हणावा तर नाही, आत राखेची पुसट झाक. या मुलखाच्या उन्हाला आणि धुळीला इतका मानवणारा दुसरा रंग मला तरी सुचत नाही. शेडकार्डावर त्याला काय परदेशी नाव असेल ते असो, परातीतले चमचाभर पीठ कागदाच्या पुडीत बांधून दुकानात न्यावे आणि सांगावे, “हा द्या.”

आपल्या पूर्वजांनी याच मातीतून आपल्या भिंतींचे रंग काढले होते. खेड्यात दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवारातली जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षे एकाच जागी चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती ढासळल्या, त्यांवर पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, आणि त्या साऱ्याची मिळून जी माती झाली ती पांढरी. याच मातीने भिंती लिंपल्या, याच मातीने धाब्याच्या घरांची माळवदे झाकली. पण गंमत अशी की पांढरीची माती मुठीत घेऊन पाहिली तर ती पांढरी नसते. चांगली राखट असते. शेजारी काळी आहे म्हणून तिला पांढरी म्हणायचे!

हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत सांगायला युरोपला १८३९ साल उजाडावे लागले. पॅरिसच्या गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. तिथे एक तक्रार आली, की काळ्या सुताचा रंग फिका उतरतो. त्यांनी सूत तपासले. रंगात काही दोष नव्हता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताचा, त्याच्याजवळ काळे काळे वाटेना. यावरून त्यांनी सिद्धांत मांडला, की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो. तांबड्याशेजारी राखाडी ठेवा, तो हिरवट दिसेल. पिवळ्याशेजारी ठेवा, निळसर दिसेल. सागवानी दारांच्या घरात निवांत म्हणून दिलेली राखाडी भिंत एकाएकी निळी का भासते याचे उत्तर इथे आहे. दार तांबूस-पिवळे, म्हणून राख निळसर. दारे बदलायची नसतील तर राखेतच थोडी माती मिसळावी लागते.

पांढरीचा विषय निघाला आहे तर शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जाऊन आल्याशिवाय पुढे जाववत नाही. घोड नदीच्या काठी असलेल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्या कामातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली, सव्वाशेहून अधिक घरे तिथे उजेडात आली : कुडाच्या आणि मातीच्या बुटक्या भिंती, चोपून केलेल्या जमिनी. वस्तीच्या मध्यभागी सुखवस्तू शेतकरी राहत आणि पश्चिमेच्या कडेला कारागीर : कुंभार, सोनार, मणी करणारा आणि चुना करणारा. तीन हजार वर्षांमागे घोडनदीच्या काठी एक माणूस चुना भाजून पोट भरत होता, हे वाचल्यापासून भिंतीला चुना देणाऱ्या माणसाकडे मी जरा आदराने पाहू लागलो आहे.

चुन्याची सफेदी अजूनही साऱ्या फिक्या रंगांची आजी आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून भिंतीला दिला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होऊ लागतो. ओला असताना पारदर्शक, वाळता वाळता पांढरा होतो. त्याचा उरलासुरला पिवळेपणा मारण्यासाठी बायका त्यात चिमूटभर नीळ टाकीत. नीळ जास्त झाली की भिंती आकाशी होत आणि शेजारणी हसत. पण शेव्हरलला जे सुताचे ढीग उपसून कळले ते या बायकांना कपडे धुता धुता ठाऊक झाले होते. नुसता पांढरा वाढवून पिवळट जात नाही. समोरच्या रंगाचा एक थेंब लागतो.

त्या जुन्या घराची रंगसंगती आठवून पाहा. वर चुना, खाली हातभर उंचीचा काव किंवा गेरूचा पट्टा, जमिनीला शेणाचे सारवण, दारे-तुळया धुराने काळसर झालेल्या. चारच रंग, चारही मातीतून किंवा झाडातून आलेले. साडीसारखाच हा हिशेब : अंग फिके, काठ ठळक. काव खालीच का? कारण पाण्याचे शिंतोडे, मुलांचे पाय, केरसुणीचे फटकारे सारे खाली लागतात. पुढे चुन्याची जागा डिस्टेंपरने घेतली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू डब्यांवरून घरोघर पोचला. मग आले प्लास्टिक पेंट. भिंती धुता येऊ लागल्या, हे मोठेच सुख. पण त्या भानगडीत तो खालचा काठ नाहीसा झाला.

आता जमीनही सायीची, भिंतही सायीची, दार, ओटा, पडदा, सोफा सारेच सायीचे असे घर फॅशनचे मानतात. छायाचित्रात ते फार सुंदर दिसते. शिरूरच्या एका ओळखीच्या घरी असाच नवा फ्लॅट सजवला. त्यात पंचाहत्तरीच्या आजी राहायला आल्या. दिवाणखान्यातून गॅलरीत जाताना चार बोटांची पायरी होती, तीही त्याच रंगाची. आजींना ती दिसली नाही. पडल्या आणि मनगट मोडले. घरातले म्हणाले, आजींचे लक्ष नव्हते. लक्ष कशाने राहणार? वयाबरोबर डोळ्यातले भिंगच पिवळसर होत जाते, मोतीबिंदू असेल तर आणखी. जवळजवळच्या दोन फिक्या छटांतला फरक आपल्याला दिसतो, त्यांना दिसत नाही. आपण मोठ्या हौसेने निवडलेले पांढरे त्यांच्या लेखी आधीच पिवळट असते. काव्याचा पट्टा त्यांना सांगत असे, की भिंत इथे संपली आणि जमीन इथे सुरू झाली. त्या घरच्यांनी पुढे पायरीच्या कडेला गडद तपकिरी टाइलची पट्टी बसवली आणि न्हाणीघराच्या दाराची चौकट गडद केली. घराची शोभा त्याने गेली नाही, उलट नजर ठरायला जागा मिळाली. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत तिथे पायरीची कड, दाराची चौकट, दिव्यांच्या बटणांची पाटी आणि जिन्याचा कठडा हे भिंतीपेक्षा वेगळेच असायला हवेत. यावर माझे मत पक्के आहे.

सगळेच पांढरे करण्याचा उत्साह मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. पुढे चंडीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बूझिएने १९२५ साली लिहिले, की प्रत्येक नागरिकाने भिंतीवरचे कागद आणि पडदे काढून स्वच्छ पांढरा रंग द्यावा. १९३१ साली त्यानेच एका स्विस कंपनीला भिंतीच्या कागदांसाठी ४३ रंग निवडून दिले! असो.

रंग एकमेकांशी जुळवायचे कसे, हा प्रश्न बायका मला हटकून विचारतात, जणू मराठी शिकवणाऱ्याला सारेच अलंकार ठाऊक असतात. माझे म्हणणे एवढेच, की सुरुवात जमिनीपासून करावी, कारण ती बदलता येत नाही. शहाबादी फरशी निळसर राखी, कोटा हिरवट, आजकालच्या टाइल बहुतेक पिवळसर. भिंतीचा कल जमिनीच्याच बाजूचा ठेवावा. पिवळसर टाइलवर निळसर राखाडी भिंत आली की टाइल पुसूनही मळकी दिसते, आणि गृहिणी बिचारी पुसतच राहते. शहाबादीवर उलट, तिथे साय परकी वाटते आणि राख शोभते. छताला झगझगीत पांढरा देण्याऐवजी भिंतीच्याच रंगात भरपूर पांढरा मिसळून द्यावा, म्हणजे छत टोपीसारखे वेगळे दिसत नाही. आणि दिवाणखान्यात उभे राहिल्यावर आतली स्वयंपाकघराची भिंत जर दिसत असेल तर त्या दोन खोल्या एकाच कुळातल्या असाव्यात. एक फिकी, दुसरी तिच्याहून थोडी गडद. सख्ख्या बहिणी चालतात. जावा-जावा शेजारी उभ्या केल्या की तेढ दिसते.

पांढऱ्या दारांची हौस असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे. तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. कपाटाची आतली बाजू, चित्रामागची चौकट, कायम उघड्या असलेल्या दाराची भिंतीकडची अंगे काही वर्षांत पिवळट होतात. पाण्यात मिसळणारे लाकडाचे रंग आता मिळतात, ते या बाबतीत बरे.

पण रंगाची छटा ही वरची गोष्ट झाली. भिंतच जर आजारी असेल तर साय काय नि राख काय! शिरूरच्या जुन्या पेठेत एक दुमजली घर आहे, दगड-मातीचे, चुन्याच्या गिलाव्याचे. घरच्यांनी थोरल्या मुलाच्या लग्नासाठी त्याला लांबी भरून गुळगुळीत केले आणि वर उंची प्लास्टिक पेंट दिला. लग्नात सर्वांनी वाहवा केली. दोन पावसाळे गेले आणि भिंतीला फुगवटे आले, मग पोपडे, मग पांढरा लोणा. जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर टाकतात. वर प्लास्टिकची कातडी चढवली की ओल आत कोंडते आणि क्षारांसकट ती कातडी फोडून बाहेर येते. अशा घराला चुन्यासारखी हवा खेळू देणारी सफेदीच हवी. तिच्यात मातीचा किंवा पिवडीचा रंग मिसळला तर छटाही मनासारखी मिळते. रंगारी नाक मुरडतील, कारण चुन्याला वेळ लागतो. नव्या घराची तऱ्हा वेगळी. सिमेंटचा ओला गिलावा कडक अल्कधर्मी असतो. निदान २८ दिवस जाऊन तो नीट वाळल्याखेरीज रंगाला हात लावू नये. मुहूर्त जवळ आला म्हणून ओल्या भिंतीवर दिलेल्या फिक्या रंगाला जे डाग पडतात ते कोणत्याच भाषेत ‘सर’ म्हणवत नाहीत.

जुन्या दारा-खिडक्यांचा तेलरंग घासून काढताना घरात लहान मूल असेल तर फार जपावे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. पांढऱ्या रंगाचा पांढरेपणाही कित्येकदा शिशाचाच असे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम लागू आहे. पण त्याआधीचे थर जुन्या चौकटींवर आहेतच. ते कोरडे घासले तर धूळ उडते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. पाण्याने ओले करून घासावे, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि घासणी झाल्यावर जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसावी.

राहता राहिला दिव्यांचा प्रश्न. दिवसाची भिंत आणि रात्रीची भिंत या दोन निराळ्या भिंती असतात. दिव्याच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो : ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा उजेड, ३००० म्हणजे पिवळसर. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० चेच दिवे, कारण ते ‘लख्ख’ वाटतात. त्या उजेडात बदामी रंग हिरवट होतो आणि माणसांचे चेहरेही आजाऱ्यासारखे दिसतात. नोकरी करणारी माणसे घरात जागी असतात ती बहुतेक रात्रीच. म्हणून दिवे आधी ठरवावेत आणि रंग मागाहून.

निवडीसाठी त्या दौंडच्या सुनेची रीत सर्वांत चांगली. पसंतीच्या दोन-तीन छटांचे लहान डबे आणावेत. दोन फुटांच्या पुठ्ठ्यांना दोन-दोन हात द्यावेत, कडेला पांढरी पट्टी सोडू नये. जुन्या रंगाच्या भिंतीवरच ठिपके काढून पाहू नयेत. जुना रंग नव्याला बिघडवून दाखवतो. ते पुठ्ठे दारालगत, कोपऱ्यात, जमिनीशी टेकवून दोन दिवस ठेवावेत. घरातल्या प्रत्येकाला, आजींनासुद्धा, विचारावे. मग एका खोलीचा सगळा रंग एकदम घ्यावा आणि डबे मोठ्या बादलीत एकत्र करावेत. यंत्राने कालवलेल्या एकाच क्रमांकाच्या दोन डब्यांतही कधी कधी बारीक फरक निघतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उमटतो.

काम आटोपल्यावर उरलेला रंग लहानशा बरणीत घट्ट बंद करून ठेवावा, आणि खोलीचे नाव, छटेचा क्रमांक व तारीख फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पुढच्या दिवाळीपर्यंत धाकट्याने सायकल भिंतीला घासलेली असणारच.